पुणें–सोलापूर–हैदराबाद मार्गाचें प्राचीनत्व : एक परीक्षण

पुण्याहून निघून सोलापुरावरून हैदराबादेस व तेथून पुढें मच्छलीपट्टणास जाणारा जो राजमार्ग, त्यास पूर्वीं राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ म्हणत. २०१० सालच्या पुनर्रचनेंत त्याचा क्रमांक ६५ झाला. या मार्गाविषयीं एक समजूत बरीच रूढ झाली आहे. ती अशी कीं, सातवाहनकाळीं पूर्वसमुद्रावरील माल ज्या वाटेनें तगर नगरास येत असे तीच ही वाट. तीच पुढें चालुक्यांची, बहामनी सुलतानांची, पेशव्यांची व इंग्रजांची झाली. आणि आजची चौपदरी सडक हें त्याच दोन हजार वर्षांच्या वाटेचें अखेरचें रूप होय. ही गोष्ट इतक्या निःशंकपणें सांगितली जाते कीं, तिला प्रमाण काय, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. प्रस्तुत लेखांत तें विचारावयाचें आहे.

हा वाद केवळ पांडित्याचा नव्हे. एका रस्त्यास सर्व काळांचें श्रेय दिलें म्हणजे ज्या गांवांवरून खरोखर जुन्या वाटा गेल्या त्यांचें श्रेय हिरावलें जातें. तेर, मंगळवेढें, परांडें, कुडल हीं ठाणीं आज मोठ्या सडकेपासून बाजूस पडलीं आहेत; म्हणून तीं पूर्वींही बाजूसच होतीं असें वाचकास नकळत वाटूं लागतें. शिवाय गेल्या दोन दशकांत सडक रुंद होतांना तिच्या कडेच्या विहिरी, जुने पूल व मैलाचे दगड नाहींसे होत आहेत. कोणता अवशेष कोणत्या वाटेचा, हें आधीं ठरलें नाहीं तर काय गमावलें हेंही मागाहून कळणार नाहीं.

(१) फ्लीट यांचा लेख काय सिद्ध करतो

या समजुतीच्या मुळाशीं जॉन फेथफुल फ्लीट यांचा लेख आहे. ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथांत दक्षिणापथांतील दोन बाजारपेठा विशेष म्हणून सांगितल्या आहेत. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, व पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. हें तगर कोणतें याविषयीं फार दिवस मतभेद होता. कोणी देवगिरी, कोणी जुन्नर, कोणी धारूर सुचविलें. स्वतः फ्लीट यांनींही आरंभीं कोल्हापूरचें नांव घेतलें होतें. १९०१ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांनीं तें मत सोडलें आणि तगर म्हणजे तेर्णा नदीवरील तेर असा निर्णय दिला. हें तेर आज धाराशिव जिल्ह्यांत आहे.

हा निर्णय योग्यच होता. भडोच ते पैठण सरळ रेषेनें सुमारें ३५० किलोमीटर, व पैठण ते तेर सुमारें १५०. वीस आणि दहा दिवसांच्या प्रमाणाशीं हीं अंतरें बरीच जुळतात. दिशा मात्र नेमकी पूर्व नसून आग्नेय आहे; परंतु ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याची एवढी चूक क्षम्य होय. पुढें तेर येथें उत्खनन झालें, सातवाहनकालीन वस्तीचे थर मिळाले, आणि इटलींतील पॉम्पेई येथें सांपडलेल्या हस्तिदंती पुतळीशीं साम्य असलेली पुतळीही तेथें मिळाली. तेथील त्रिविक्रमाचें देऊळ मूळचें विटांचें चापाकृति चैत्यगृह आहे. तेव्हां तगराच्या स्थानाविषयीं आतां वाद नाहीं.

वाद आहे तो याच लेखाच्या दुसऱ्या भागाविषयीं. फ्लीट यांनीं तगरास येणाऱ्या मालाच्या वाटाही आंखून दिल्या. एक मच्छलीपट्टणाहून व एक विनुकोंड्याहून निघते. दोन्ही हैदराबादेच्या आग्नेयीस सुमारें पंचवीस मैलांवर मिळतात. तेथून एकच वाट तेर, पैठण, दौलताबाद यांवरून वायव्येस जाऊन भडोचास पोंचते. १९१२ सालीं विल्फ्रेड शॉफ यांनीं पेरिप्लसचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें व टीपांत ही रेषा उद्धृत केली. तेथून ती सर्वतोमुखी झाली. मच्छलीपट्टण व हैदराबाद हीं दोन नांवें आजच्या महामार्गावरही आहेत एवढें पाहून लोकांनीं दोन्ही रेषा एक मानल्या.

या एकीकरणावर तीन आक्षेप येतात.

पहिला आक्षेप मूळ ग्रंथाचा. पेरिप्लसकार म्हणतो तें एवढेंच कीं, तगराहून साधें कापड, मलमलीचे प्रकार व समुद्रकांठच्या प्रदेशांतून तेथें आलेला इतर माल भडोचकडे जातो. तो समुद्रकांठ कोणता, हें तो सांगत नाहीं. मसालिया म्हणजे मच्छलीपट्टणच्या बाजूचा प्रदेश त्यास माहीत आहे. पूर्वकिनाऱ्याचें वर्णन करितांना तेथील मलमलीचा उल्लेख तो स्वतंत्रपणें करतो. परंतु तेथें तगराचें नांव नाहीं, व तगराच्या वर्णनांत मसालियाचें नाहीं. दोहोंचा संबंध फ्लीट यांनीं जोडला. तो संभवनीय आहे; पण तें अनुमान आहे, ग्रंथवचन नव्हे.

दुसरा आक्षेप दिशेचा. फ्लीट यांची रेषा खरी धरली तरी ती तेरपासून वायव्येस वळते. ती पश्चिमेस पुण्याकडे येतच नाहीं. तेर हें सोलापूरपासून सरळ रेषेनें सुमारें ७५ किलोमीटर उत्तर-ईशान्येस आहे. हैदराबादेहून तेरास जाणाऱ्या बैलगाडीस सोलापुरास येण्याचें कांहींच कारण नव्हतें. तेव्हां सोलापूर ते पुणें हा सुमारें २५० किलोमीटरांचा सबंध पश्चिम भाग या पुराव्यांतून पूर्णपणें गळतो.

तिसरा आक्षेप पद्धतीचा. दोन टोंकें ज्ञात असलीं म्हणजे त्यांमधील रेषा ज्ञात झाली असें होत नाहीं. पेरिप्लसकार स्वतःच सांगतो कीं, हा माल गाड्यांवरून मोठमोठ्या वाटशून्य प्रदेशांतून आणावा लागतो. जेथें समकालीन साक्षीदार वाट नाहीं म्हणतो, तेथें आपण नकाशावर राजमार्ग रेखाटणें हें धाडस होय.

(२) भूमि, पाणी आणि वाट

पुस्तकांतील रेषेवरून जमिनीवर उतरल्यास प्रश्न अधिक स्पष्ट होतो. सोलापूर प्रांत वाळवंट नव्हे. परंतु पर्जन्यछायेंतील हा माळ पाण्याच्या बाबतींत वाळवंटाचा शेजारी शोभतो. सह्याद्रीच्या माथ्यावर दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडत असतां येथें वीस-बावीस इंचांवर वर्ष काढावें लागतें, आणि त्यांत सर्वांत मोठा वांटा सप्टेंबर महिन्याचा. तोही चुकला म्हणजे दुष्काळ.

अशा भूमींत वाट दोन गोष्टींच्या ओढाताणींतून ठरते. नदीकांठीं पाणी व चारा आहे, पण जमीन काळी. पावसांत तिचा असा राडा होतो कीं गाडीचें चाक आंसापर्यंत रुततें. उंचवट्याच्या मुरमाड माळावर चाक सुखानें चालतें, पण तेथें पाणी नाहीं. म्हणून माल वाहणारा लमाण व सैन्य हांकणारा सरदार हे दोघेही ऋतूप्रमाणें वाट बदलीत. एकाच दोन गांवांमध्यें पावसाळ्याची वाट निराळी व उन्हाळ्याची निराळी. तात्पर्य, जुना मार्ग ही रेषा नसून कांहीं कोस रुंदीचा पट्टा असे, आणि त्यांतील कायमच्या जागा दोनच: नदीचा उतार व बाराही महिने टिकणारें पाणी. मार्गाचें प्राचीनत्व शोधावयाचें तर या दोन जागा तपासाव्या. मधील डांबर तपासून कांहीं मिळावयाचें नाहीं.

आजच्या सडकेच्या जागा या दृष्टीनें पाहाव्या. पुण्याहून लोणी काळभोर, यवत, पाटस, कुरकुंभ, भिगवण व इंदापूर घेत ती हिंगणगांवाजवळ भीमा ओलांडते; टेंभुर्णी व मोहोळ घेऊन लांबोटीजवळ सीना ओलांडते; सोलापुराच्या पूर्वेस नळदुर्गाजवळ बोरी ओलांडून जळकोट, येणेगूर, उमरगें, हुमनाबाद, जहिराबाद अशी हैदराबादेस जाते. लोहमार्ग हिंगणगांवास भीमा ओलांडीत नाहीं. तो वरच्या बाजूस डिकसळाजवळ ओलांडतो, व इंदापूर आणि टेंभुर्णी दोन्ही टाळतो. एकोणिसाव्या शतकांत एकाच सरकारच्या अमलाखालीं, एकाच दोन शहरांमध्यें, सडकेनें एक उतार धरला व रुळांनीं दुसरा. मग पूर्वींच्या पंधराशें वर्षांत सर्वांनीं एकच धरला असेल असें कां मानावें ?

भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें तेव्हां इंदापूर तालुक्यांतील पळसदेव गांव नदीकांठावरून उठून सडकेवर आलें. पळसनाथाचें जुनें देऊळ जलाशयांत गेलें. दुष्काळांत पाणी ओसरलें म्हणजे तें उघडें पडतें. आज सडकेनें जाणारा प्रवासी पळसदेव ही पाटी पाहून हें गांव येथेंच होतें असें समजेल. डोळ्यांदेखत झालेला पालट जर अर्धशतकांत विसरला जातो, तर आठशें वर्षांपूर्वींच्या पालटांची काय कथा !

(३) कल्याण, सोन्नलगे आणि मंगळवेढें

आतां कोणत्या काळीं कोणत्या दिशेनें वाहतूक होती हें पाहूं. अकराव्या शतकाच्या मध्यास चालुक्यांची राजधानी कल्याण येथें स्थिर झाली. हेंच आजचें बसवकल्याण, आजच्या सडकेच्या थोडें उत्तरेस. बाराव्या शतकांत ज्या कलचुरि बिज्जलानें तें सिंहासन घेतलें त्याचें मूळ ठाणें मंगळवेढें. या दोहोंमध्यें सोन्नलगे म्हणजे सोलापूर. तेथें सिद्धरामेश्वरांनीं त्याच शतकांत तलाव बांधला. बसवेश्वरांचें चरित्रही मंगळवेढें व कल्याण या दोन ठिकाणांशीं बांधलेलें आहे. तेव्हां कल्याण–सोलापूर–मंगळवेढें असें पूर्व-पश्चिम दळणवळण बाराव्या शतकांत होतें असें म्हणण्यास चांगला आधार आहे. आजच्या महामार्गाचा सोलापूर–नळदुर्ग–उमरगें हा तुकडा त्या दळणवळणाच्या पट्ट्यांत पडतो, हें प्रस्तुत लेखकास मान्य आहे.

परंतु ही वाट सोलापुरापुढें मंगळवेढ्याकडे म्हणजे नैर्ऋत्येस जाते. पुण्याकडे वायव्येस नव्हे. याच भागांत भीमा-सीना संगमावर हत्तरसंग कुडल येथें शके ९४० (इ. स. १०१८) चा मराठी शिलालेख आहे; मराठींतील अतिप्राचीन कालोल्लेखयुक्त लेखांत त्याची गणना होते. तो मोठ्या सडकेवर नसून संगमावर आहे, हें ध्यानांत घ्यावें. त्या काळचें महत्त्वाचें स्थान नदीनें ठरविलें होतें.

पुढें बहामनी सुलतानांची राजधानी प्रथम गुलबर्ग्यास व पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धांत बेदरास गेली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा याच काळची मानतात: दुष्काळांत त्यांनीं सरकारी कोठारें लुटविलीं व विठ्ठलानें बेदरास जाऊन रकमेचा भरणा केला. कथा हें मार्गाचें प्रमाण नव्हे. पण मंगळवेढ्याचा भरणा बेदरास जातो ही गोष्ट ती सांगणाऱ्यास व ऐकणाऱ्यास स्वाभाविक वाटत होती, एवढें तिच्यावरून म्हणतां येतें. येथेंही पुण्याचा संबंध नाहीं.

(४) सोलापूरचा किल्ला कोणत्या वाटेवर ?

सोळाव्या शतकांत सोलापूर एकदम इतिहासाच्या मध्यभागीं येतें. अहमदनगरची निजामशाही व विजापूरची आदिलशाही यांच्यांत या किल्ल्यावरून पिढ्यान् पिढ्या झगडा चालला. आदिलशाही राजकन्या बुऱ्हाण निजामशहास दिली तेव्हां सोलापूर आंदण द्यावयाचें ठरलें होतें, तें न मिळाल्यावरून युद्धें झालीं. पुढें चांदबिबी अली आदिलशहास दिली तेव्हां तेंच सोलापूर उलट बाजूनें आंदण गेलें. दोन राज्यें एका गांवासाठीं इतकीं भांडतात तीं त्या गांवाच्या मोक्याच्या जागेसाठीं. आणि हा मोका पूर्व-पश्चिम नसून दक्षिणोत्तर आहे: अहमदनगर, परांडें, सोलापूर, विजापूर. १६८५ सालीं औरंगजेब विजापुराच्या वेढ्यासाठीं निघाला तोही अहमदनगराहून सोलापुरास आला. पुढें १६९५ पासून १६९९ पर्यंत त्याची छावणी भीमेच्या कांठीं माचणूरजवळ ब्रह्मपुरीस होती. तीही छावणी नदीवर, आणि मंगळवेढ्याच्या बाजूस.

सोलापूर शहरांतील जुन्या वेशींचीं नांवें या संदर्भांत पाहण्याजोगीं आहेत. विजापूर वेस, तुळजापूर वेस, बाळीवेस हीं नांवें लोकांच्या तोंडीं आजही आहेत. पहिली दक्षिणेच्या वाटेची व दुसरी उत्तरेच्या. बाळीवेस हें नांव जवळच्या बाळें गांवावरून आलें असें धरलें तरी पश्चिमेकडील वेशीस दूरच्या पुण्याचें नांव नसून शेजारच्या खेड्याचें नांव मिळालें असाच त्याचा अर्थ होईल. पुण्याच्या नांवाचा आहे तो नाका, वेस नव्हे. नांवें हा दुय्यम पुरावा होय हें मान्य. पण तो इतर पुराव्याशीं जुळतो, विरोधीं जात नाहीं.

सतराव्या शतकांतील व्यापाराकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये यानें सुरतेहून गोवळकोंड्यास जाण्याची जी वाट वर्णिली आहे ती दौलताबाद व नांदेड या बाजूनें जाते. मच्छलीपट्टण हें त्या काळीं गोवळकोंड्याचें मोठें बंदर होतें हें खरें, आणि मच्छलीपट्टण ते गोवळकोंडें हा आजच्या महामार्गाचा पूर्वेकडील तुकडा तेव्हां गजबजलेला होता हेंही खरें. परंतु गोवळकोंड्यापुढें पश्चिमेचा ओघ सोलापुरावरून पुण्यास वाहत नव्हता. कारण पुण्यास तेव्हां राजधानी नव्हती व मोठी पेठही नव्हती.

(५) दोन राजधान्या

पुणें व हैदराबाद हीं दोन टोंकें एका रेषेनें जोडण्याची गरज केव्हां उत्पन्न झाली, हाच या प्रश्नाचा कणा आहे. शनिवारवाड्याचा पाया १७३० सालीं घातला गेला. शाहूमहाराजांच्या मृत्यूनंतर (१७४९) सत्तेचें केंद्र साताऱ्याहून पुण्यास आलें. निजामाची गादी मात्र तोंपर्यंत औरंगाबादेस होती. म्हणून पेशवे-निजाम संघर्षाचीं आरंभींचीं ठाणीं पाहतां तीं औरंगाबाद व गोदावरीच्या बाजूचीं दिसतात: पालखेड (१७२८), राक्षसभुवन (१७६३). १७६३ नंतरच्या वर्षांत निजामअल्लीनें राजधानी हैदराबादेस नेली. तेथून पुढें दोन्ही दरबारांचे वकील, जासूद व हुंड्या यांची सतत जा-ये सुरू झाली. गोविंदराव काळे यांच्यासारखे पुण्याचे वकील वर्षानुवर्षें निजामाच्या दरबारीं राहिले. पुणें–हैदराबाद असा मार्ग अर्थपूर्ण होतो तो येथें. म्हणजे त्याचें वय दोन हजार वर्षें नसून सुमारें अडीचशें वर्षें ठरतें.

यावरही मर्यादा घातली पाहिजे. १७९५ सालीं निजामअल्ली पुण्यावर चालून आला तो बेदराहून निघाला, आणि मराठ्यांशीं त्याची गांठ खर्ड्यास पडली. खर्डें जामखेडजवळ, सोलापुराच्या पुष्कळ उत्तरेस. राजधान्या पक्क्या होऊन तीस वर्षें लोटल्यावरही मोठ्या सैन्यानें सोलापूर–नळदुर्गाची वाट धरली नाहीं. यावरून ती वाट नव्हतीच असें म्हणतां येणार नाहीं; अनेकांपैकीं एक होती, एवढेंच म्हणतां येईल.

१८१८ सालचा पुरावाही तसाच आहे. फेब्रुवारींत आष्टीच्या लढाईंत बापू गोखले पडले. मे महिन्यांत सोलापूरचा किल्ला इंग्रजांनीं घेतला. किल्ला घेणारा सेनापति मन्रो पुण्याहून आला नव्हता. तो दक्षिणेकडून, कर्नाटकांतून आला. सोलापूरची शेवटची मोठी लढाईदेखील त्याच जुन्या दक्षिणोत्तर वाटेवर झाली.

(६) सरहद्द आणि सडक

इंग्रजी अमलांत पुणें–सोलापूर हा भाग एका सरकारचा झाला. परंतु सोलापुराच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर निजामाची हद्द लागे. १८५३ च्या तहानें नळदुर्ग प्रांत इंग्रजांकडे आला व ‘एका ठगाची जबानी’ लिहिणारे मेडोज टेलर तेथें अधिकारी झाले. १८६० त तो प्रांत निजामास परत गेला. त्याच १८६० सालीं जी. आय. पी. रेल्वे सोलापुरास पोंचली व १८७१ त रायचुरास. लांब पल्ल्याचा माल रुळांवर गेला. १८७७ सालीं सोलापुरास पहिली कापडगिरणी उभी राहिली ती या रुळांच्या बळावर. बार्शीची छोटी रेल्वे १८९७ त सुरू झाली, ती पुढें पंढरपूर (१९०६) व लातूर (१९११) येथवर गेली. तात्पर्य, सोलापूर औद्योगिक शहर झालें त्या काळांत पुणें–हैदराबाद सडक ही धमनी नव्हती. ती स्टेशनास माल पुरविणारी वाट होती.

सडकेचे दोन्ही भाग खऱ्या अर्थानें एक झाले ते १९४८ सालीं. त्या वर्षीं १३ सप्टेंबर रोजीं मेजर-जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालील मुख्य फौज सोलापुराहून निघाली. पहिल्याच दिवशीं नळदुर्ग व बोरी नदीवरील पूल ताब्यांत आला, आणि पांच दिवसांत हैदराबादचा प्रश्न निकालांत निघाला. आजची सडक जवळजवळ त्याच रेषेनें जाते. ज्या नळदुर्गांत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत बोरीला बांध घालून पाणीमहाल उभारला, तेथेंच विसाव्या शतकांत त्याच नदीवरील पुलानें लढाईची दिशा ठरविली. या तुकड्याचें महत्त्व अस्सल आहे. पण तें नदीचा उतार व पाणी यांमुळें, तगरामुळें नव्हे.

(७) संभाव्य आक्षेप

एक आक्षेप असा येईल कीं, कार्लें व भाजें येथील लेणीं बोरघाटाच्या माथ्यावर आहेत; तेव्हां घाट चढून आलेली प्राचीन वाट पूर्वेस कोठेंतरी जात असलीच पाहिजे. ती जात असेल यांत शंका नाहीं. परंतु ती पुणें–इंदापूर–सोलापूर अशीच गेली याला लेण्यांतील लेख साक्ष देत नाहींत. कार्ल्याच्या दात्यांत धेनुकाकट या नगराचें नांव वारंवार येतें, आणि त्या नगराचें स्थानच वादग्रस्त आहे.

दुसरा आक्षेप वारीचा. तुकोबारायांची पालखी लोणी काळभोर व यवत या बाजूनें सडकेबरोबर येते, मग बारामतीस वळते व पुन्हां इंदापुरास पोंचते. ही परंपरा १६८५ सालीं नारायणमहाराजांनीं सुरू केली असें मानतात. हा मार्ग सडकेहून जुना असेल. पण इंदापुरापुढें पालखी सराटी–अकलूजवरून पंढरपुरास जाते. म्हणजे पुण्याहून इंदापुरापर्यंतची वाट जुनी असली तरी तिचें गंतव्य सोलापूर नसून पंढरपूर होतें. हा आक्षेप आमच्याच बाजूचा साक्षीदार होतो.

(८) निष्कर्ष

येणेंप्रमाणें पाहतां हा मार्ग एक नसून निरनिराळ्या वयाच्या तुकड्यांची शिवण आहे. मच्छलीपट्टण ते हैदराबाद हा तुकडा सतराव्या शतकांत निश्चित व त्यापूर्वीं संभवनीय. उमरगें ते सोलापूर हा बाराव्या शतकाच्या कल्याण–मंगळवेढें दळणवळणाच्या पट्ट्यांतील. पुणें ते इंदापूर हा पंढरपूरच्या वाटेचा. इंदापूर ते सोलापूर हा सर्वांत नवा. त्यास प्रधान मार्गाचें स्वरूप अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीं आल्याचें वरील पुराव्यांत कोठेंच दिसत नाहीं. या तुकड्यांस एक नांव मिळालें तें पुणें व हैदराबाद या दोन राजधान्यांमुळें, आणि एक शरीर मिळालें तें १९४८ नंतर.

यांत सोलापूरची मानहानि नाहीं. उलट, सोलापूर हें कोणा एका मार्गावरील थांबा नसून दक्षिणोत्तर व पूर्व-पश्चिम वाटांचा चौक आहे, हेंच सिद्ध होतें. धुळें–औरंगाबाद–सोलापूर–विजापूर हा आजचा महामार्ग क्रमांक ५२ बहुतांशीं जुन्या दक्षिणोत्तर दिशेनेंच जातो. प्राचीनतेचा मान द्यावयाचाच तर त्याचा हक्क अधिक आहे.

पुढील कामाविषयीं एक सूचना करून लेख पुरा करतों. हिंगणगांव, लांबोटी व नळदुर्ग या तीन नदीउतारांच्या दोन्ही बाजूंस पांच-पांच कोसांच्या पट्ट्यांतील बारव, विहिरी, धर्मशाळा, दर्गे, मैलाचे दगड व जुने पूल यांची गांववार यादी व छायाचित्रें व्हावीं. तशीच यादी माचणूर व कुडल येथील उतारांची व्हावी. दोन्ही याद्या शेजारीं ठेवल्या म्हणजे कोणत्या वाटेनें कोणत्या काळीं पाणी मागितलें हें आपोआप दिसूं लागेल. हें काम कागदपत्रांचें नसून पायांचें आहे, आणि यंत्रें कामास लागलीं असल्यामुळें त्यास मुदत आहे. वरील मताविरुद्ध एखादी बारव जरी साक्ष देऊं लागली, तरी प्रस्तुत लेखक तें मत सोडण्यास आनंदानें तयार आहे.